कॉलेजच्या आवारात प्राण्याचं शिल्प बसवायचंय, सिंह सोडून काहीतरी सुचवा

खडूडस्टर

नमस्कार मंडळी. आमच्या बॅचने कॉलेजला एक भेट द्यायचं ठरवलंय आणि ग्रुपवर रात्ररात्र भांडून शेवटी "आवारात एखाद्या प्राण्याचं शिल्प" एवढ्यावर एकमत झालंय, म्हणजे फक्त एवढ्यावरच, पुढे सगळी बोंब आहे. अर्ध्या लोकांना सिंह पाहिजे. कॉलेजच्या बोधचिन्हात सिंह नाही, नावात नाही, आवारात तर अर्थातच नाही, पण सिंह पाहिजे, का तर भारदस्त वाटतो. तो पण डोक्याहून उंच चौथऱ्यावर, सोनेरी रंगात, भोवती साखळी. उरलेल्या अर्ध्यांचं (त्यात मी) म्हणणं असं की जे काही करायचं ते जमिनीच्या जवळ असावं, मुलं टेकतील, शेजारी बसतील, फोटो काढतील, नाहीतर नव्याचे नऊ दिवस आणि मग त्याच्याकडे कुणी मान वर करून बघत पण नाही.

जागा मिळालीय ती लायब्ररीच्या दारासमोरचं मोकळं अंगण, दिवसभर ऊन, एका बाजूने पार्किंगकडे जायची वाट. एक जण फायबरमध्ये करून द्यायला तयार आहे, लवकर होईल आणि हलकं असेल म्हणतो. दुसऱ्याने ब्राँझ सुचवलं, त्याचा आकडा आल्यावर ग्रुपवर एकदम शांतता. तिसरा म्हणतो सिमेंटमध्ये करा आणि वरून ब्राँझचा रंग मारा, कुणाला कळणारे.

तर कुणी असलं काम केलंय का, किंवा जवळून बघितलंय का? कशात करावं, प्राणी कुठला, उंचावर की खाली, आणि मुलांनी त्याची वाट लावू नये म्हणून काय करतात? सिंहवाल्यांना गप्प करायला काही मिळालं तर फारच बरं.

तिरकस

सिंहच बसवा हो. जबडा मात्र चांगला उघडा ठेवा, म्हणजे कचराकुंडीचा वेगळा खर्च वाचेल.

ओतकाम

मी शिल्पकार नाही पण ओतकामाच्या कारखान्यात मेणाच्या टेबलावर बरीच वर्षं काढलीत, त्यामुळे कशात करायचं एवढ्यावरच बोलतो.

फायबर वाईट नसतं, तुमच्या जागेला वाईट आहे. फायबर म्हणजे काचेच्या धाग्यांची चटई आणि रेझिन, वर जेलकोटचा पातळ थर. दिवसभर उन्हात राहिलं की वरचा थर खडूसारखा होतो, हात फिरवला की पांढरी पूड हाताला लागते, मग बारीक चिरा, चिरांतून पाणी आत, आणि कुठेतरी धागे उघडे पडले की टेकणाऱ्याच्या हाताला खाज. थोड्या थोड्या वर्षांनी घासून परत रंग मारावाच लागतो. शिवाय हलकं असणं हा आवारात फायदा नाही, हलकं म्हणजे चार पोरं उचलून नेऊ शकतात. आत लोखंडी सांगाडा न घालता केलं आणि कुणी पाठीवर बसलं तर पहिली चीर घोट्यापाशी जाते, तिथे जाडी सगळ्यात कमी आणि भार सगळ्यात जास्त. छताखाली, लॉबीत, हात न लागणाऱ्या जागी फायबर खुशाल करा.

सिमेंट आणि वर ब्राँझचा रंग, हे कृपा करून नको. शेपूट, कान, पाय असल्या बारीक भागांत सळईवर सिमेंटचं पुरेसं आवरण बसतच नाही, ओल आत गेली की सळई गंजते, गंज फुगतो आणि सिमेंटला आतून फोडतो. कुणाला कळणारे म्हणणाऱ्याला सांगा की रंगाचा पहिला पोपडा निघाला की सगळ्यांना कळतं. सिमेंटमध्ये करायचंच असेल तर आकार जाडजूड, अंगाला चिकटलेला असा घ्या आणि सिमेंटला सिमेंट दिसू द्या.

आता ब्राँझ. आकडा एवढा का येतो ते ग्रुपला समजावून सांगा म्हणजे शांतता जरा कमी होईल. आधी मातीत पूर्ण आकाराचं काम, मग त्याच्यावर रबराचा साचा, साच्यात मेणाचा पातळ थर, साधारण पाच मिलिमीटरचा, म्हणजे तुम्हाला आतून पोकळ असा मेणाचा प्राणी मिळतो. तो मोठा असेल तर तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याला धातू आत जायला आणि हवा बाहेर यायला मेणाच्या नळ्या जोडायच्या, सगळ्यावर सिरॅमिकचे थरावर थर चढवायचे, भट्टीत मेण वितळून काढायचं आणि त्या रिकाम्या जागेत अकराशे अंश सेल्सिअसच्या वरचा रस ओतायचा. मग टरफल फोडा, नळ्या कापा, तुकडे वेल्ड करा, जोड दिसणार नाही असं कोरून घ्या, आणि शेवटी गरम करून रसायनांनी रंग चढवा, जो रंग नसतोच खरं तर, धातूचीच त्वचा असते. पैसे धातूला कमी आणि हाताला जास्त जातात.

आणि हे नीट ऐका. लांबी-उंची दुप्पट केली की पृष्ठभाग चौपट होतो, जाडी तीच राहते, म्हणजे धातू चौपट, मेण चौपट, कोरणं चौपट. त्यामुळे "मोठा सिंह फायबरमध्ये की ब्राँझमध्ये" हा प्रश्नच चुकीचा आहे, "मोठं फायबर की लहान ब्राँझ" असा विचारा. गुडघ्याएवढ्या उंचीचा प्राणी ब्राँझमध्ये केलात तर तुमचा आकडा कुठच्या कुठे खाली येईल. आणि लहान प्राणी खालीच ठेवावा लागतो, म्हणजे तुमचं भांडण पण मिटलं.

वाचनालयातली

ओतकाम यांनी कशात करायचं ते सांगितलं, मी प्राणी कुठला त्यावर लिहिते कारण मला या विषयाचं वेड आहे.

आवारातली जी शिल्पं टिकली, म्हणजे लोकांनी आपली मानली, त्यातल्या बहुतेकांची गोष्ट तिथलीच आहे. अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठात टेस्टुडो नावाचं ब्राँझचं कासव आहे, १९३३ च्या बॅचने दिलेलं, तुमच्यासारखीच भेट. ते कुठलंही कासव नाही, जवळच्या चेसापीक उपसागरात सापडणारी जात आहे, पाठीवर चौकटी चौकटी असलेली. आज ते लायब्ररीसमोर आहे आणि परीक्षेच्या आधी मुलं त्याचं नाक चोळून जातात, अख्खं अंग काळपट आणि नाक पिवळंधमक.

सेंट पीटर्सबर्गच्या विद्यापीठाच्या आवारात २००२ साली एका मांजराचं शिल्प बसवलं, प्रयोगशाळेतल्या मांजराचं. शरीरशास्त्राच्या प्रयोगांत ज्या मांजरांचा जीव गेला त्यांची ती आठवण. नोव्होसिबिर्स्कला तर कॉलेज नाही पण संशोधन संस्था आहे, पेशी आणि आनुवंशशास्त्राची, तिथे २०१३ पासून एक चष्मेवाली उंदीरबाई बसलीय आणि विणकामाच्या सुयांवर डीएनएची दुहेरी माळ विणतेय. चौथरा चांगला उंच आहे, तिथे मात्र मला कधीच खटकला नाही, कारण ते स्मारक आहे.

केंब्रिजमध्ये कॉर्पस क्रिस्टी कॉलेजच्या लायब्ररीच्या भिंतीत २००८ साली एक घड्याळ बसवलं, काटे नाहीत, सोन्याचा मुलामा दिलेली मोठी चकती आणि तिच्या कडेवर एक भयानक दिसणारा नाकतोडा, पाय पुढेमागे टाकत सेकंद खाणारा. आता नाकतोडाच का? तर जॉन हॅरिसन नावाच्या अठराव्या शतकातल्या घड्याळजीने घड्याळाच्या चाकाला दात-दात सोडणारी जी युक्ती काढली तिचं नावच नाकतोड्यावरून पडलंय, तिचे पाय तसेच उडी मारतात. या घड्याळात ती यंत्रातली वस्तू बाहेर काढून खराखुरा किडा करून टाकलीय. मला विचाराल तर कॉलेजच्या आवारातलं सगळ्यात हुशार प्राणिशिल्प हेच.

आणि माझं सगळ्यात लाडकं टोकियो विद्यापीठातलं, शेती विभागाच्या आवारातलं. हाचिको माहितीच असेल, मालक गेल्यावर वर्षानुवर्षं शिबुया स्टेशनवर वाट बघणारा कुत्रा. त्याचे मालक उएनो याच विद्यापीठात प्राध्यापक होते, १९२५ साली गेले, कुत्रा गेला मार्च १९३५ मध्ये. स्टेशनवरचा पुतळा एकटाच बसलाय. विद्यापीठाने २०१५ साली, हाचिको गेल्याला ऐंशी वर्षं झाली तेव्हा, वेगळं शिल्प बसवलं, त्यात प्राध्यापक परत आलेत आणि कुत्रा मागच्या पायांवर उभा राहून त्यांच्या अंगावर झेपावतोय. एकच कुत्रा, दोन जागा, स्टेशनवर वाट बघणं आणि विद्यापीठात भेट. जागा बदलली की शिल्पाने काय करावं हे पण बदलतं.

तर तुमच्या आवारात बघा ना. कुठला विभाग जुना आहे, कुठला प्राणी तिथे खरंच फिरतो, कुठल्या प्राण्यावर तुमच्या वेळी गप्पा व्हायच्या.

सिंहवाल्यांसाठी एक. पेन स्टेट विद्यापीठात सिंह आहे, पण तो आयाळवाला नाही, त्यांच्या डोंगरातला प्यूमा आहे, तिकडे त्यालाच डोंगरी सिंह म्हणतात. १९४२ साली हाइंत्स वार्नेके या शिल्पकाराने चुनखडीच्या तेरा टनांच्या एका दगडातून कोरलेला. खडकावर दबा धरून असावा तसा, अगदी खाली, आणि लोक त्याच्या पाठीवर बसून पदवीचे फोटो काढतात. भारदस्त व्हायला उंच चढावं लागत नाही.

सिव्हिलवाला

कला वगैरे आपल्याला कळत नाही, पण अशा दोन-तीन गोष्टींचे पाये आम्ही बांधलेत म्हणून सांगतो.

शिल्पाचं वजन धरून फाउंडेशन काढू नका, पोरांचं वजन धरून काढा. निकालाच्या दिवशी पाच-सहा जण एकाच बाजूला लटकणार, कुणीतरी मानेला धरून झोके घेणार, तो उलथवणारा भार खरा. खाली काँक्रीटचा ठोकळा, त्यात स्टेनलेसचे अँकर बोल्ट, साधं लोखंड अजिबात नको कारण ब्राँझला लोखंड चिकटलं आणि मध्ये पाणी आलं की लोखंड भराभर खातं, वरून सगळं ठणठणीत दिसतं आणि आतला बोल्ट गेलेला असतो. आतला सांगाडा पण स्टेनलेसचाच. पोकळ शिल्पात पाणी साचतंच, कुठून जातं ते देवाला माहीत, म्हणून प्रत्येक पायाच्या तळाला, पोटाच्या सगळ्यात खालच्या जागी छोटी भोकं ठेवायला सांगा आणि फरशी बसवणारा ती बुजवणार नाही हे उभं राहून बघा.

दुसरं, भोकांचं. बागेतल्या खेळण्यांच्या नियमात एक माप आहे, साधारण ९ ते २३ सेंटिमीटरची फट धोक्याची, कारण लहान मुलाचं अंग त्यातून सरकतं आणि डोकं अडकतं. कॉलेज आहे, लहान मुलं कुठली असं म्हणू नका, कार्यक्रमाला सगळे घरच्यांना घेऊन येतात. पोट आणि जमीन यातली जागा, दोन पायांमधली, वळलेल्या शेपटीची, उघड्या जबड्याची, सगळीकडे टेप लावून बघा. एकतर बुजवा नाहीतर मोठी करा. कानाची, शेपटीची टोकं धारदार नकोत आणि माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर तर नकोतच.

ऊन. गडद ब्राँझ भर दुपारी हात लावू देणार नाही. झाडाखाली ठेवा म्हणावं तर पक्ष्यांची शिट आणि झाडाचा चीक दोन्ही धातूच्या रंगाला वाईट. इमारतीची सावली दुपारी कुठे पडते ते बघा आणि तिथे सरकवा, तेवढं पुरतं. आणि पार्किंगच्या बाजूला मजबूत खुंट्या हव्यातच, रिव्हर्स घेणाऱ्या गाडीला तुमची कला दिसत नाही.

आवारप्रमुख

इथे सगळे "खाली ठेवा, हात लावू द्या" म्हणतायत, छान वाटतं ऐकायला, पण त्यानंतर बादली घेऊन कोण जातं ते मी सांगतो. मी एका मोठ्या आवाराची देखभाल बघतो. स्टिकर, मार्कर, निवडणुकीची पत्रकं, वाढदिवसाचा फेस, हे सगळं हाताच्या उंचीवरच येतं.

वर जी उदाहरणं दिलीत त्यांची दुसरी बाजू पण वाचा. पेन स्टेटच्या त्या सिंहाचा कान कितीदा तरी फोडलाय आणि परत बसवलाय, १९६६ साली सिराक्यूस विद्यापीठवाल्यांनी त्याला नारिंगी रंगवला, आता सोहळ्याच्या दिवसांत विद्यार्थी रात्रभर पहारा देतात. मेरीलँडचं ते कासव १९४७ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या मुलांनी चक्क पळवलं होतं, नंतर आत काँक्रीट भरून त्याला जड करावं लागलं. आणि परीक्षेच्या वेळी मुलं नुसतं नाक चोळत नाहीत, नवस केल्यासारखा त्याच्यासमोर वस्तूंचा ढीग पण लावतात, २०१३ च्या डिसेंबरमध्ये त्या ढिगाला आग लागली होती.

माझं मत, चौथरा हवा. अगदी साखळी नको पण कमरेच्या वर तरी. आणि शिल्पाच्या खर्चातला काही भाग देखभालीसाठी वेगळा ठेवून द्या, नाहीतर भेट तुमची आणि भुर्दंड आमचा.

वाचनालयातली

आवारप्रमुख, देखभालीच्या पैशाचं शंभर टक्के मान्य. चौथऱ्याचं नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो आवारात सन गॉड म्हणून एक रंगीबेरंगी पक्षी आहे, निकी द सां फाल यांचा, १९८३ चा. चौदा फुटी पक्षी आणि तो पंधरा फूट उंचीच्या काँक्रीटच्या कमानीवर उभा आहे, म्हणजे तुमच्या कमरेच्या कितीतरी वर. तरी मुलांनी त्याला गॉगल घातला, आयकार्ड लटकवलं, खाली गवताचं घरटं करून अंडी ठेवली. उंचीने काय अडतं, फक्त शिडी लागते आणि पडायची भीती वाढते.

त्याच आवारात २००५ पासून टिम हॉकिन्सन यांचं अस्वल बसलंय. आठ मोठाले ग्रॅनाइटचे धोंडे, फारसे कोरलेले नाहीत, एकमेकांवर रचून केलेलं अस्वल, वजन १८० टन, उंची तेवीस फुटांच्या वर. फोडायला बारीक कान नाही, पळवायला क्रेनचा ताफा लागेल, रंग उडायचा प्रश्न नाही. म्हणजे नुकसान टाळायचं ते आकारातून टाळायचं, साखळीने नाही.

आणि पोरांपेक्षा हवामान जास्त मारतं. हार्वर्डच्या आवारात कासवासारख्या प्राण्याच्या पाठीवर उभा असा संगमरवरी शिलालेख आहे, चीनमधल्या माजी विद्यार्थ्यांनी १९३६ साली दिलेला. तो झिजतोय म्हणून दर हिवाळ्यात त्याला गुंडाळून ठेवतात. मिशिगन विद्यापीठाच्या संग्रहालयापुढे १९४० पासून दोन प्यूमा होते, टेराझोचे, म्हणजे सिमेंटमध्ये दगडाची खडी घालून घासलेले, ते उघड्यावर इतके खराब झाले की शेवटी काढून त्याच आकाराचे ब्राँझमध्ये ओतले. तिथे काय कुणी मार्कर घेऊन गेलं नव्हतं, नुसतं ऊन-पाऊस-थंडी.

आवारप्रमुख

१८० टनांचं अस्वल हे माझ्या बाजूचं उदाहरण आहे ताई, तुमच्या नाही. पण ठीक आहे, गुळगुळीत ब्राँझ असेल आणि त्यावर मेणाचा थर असेल तर मार्कर निघतो, हे मी पण बघितलंय. खाली ठेवायचं तर खडबडीत काही नको.

कलमबहाद्दर

कागदपत्रांचं कुणीच बोललं नाही म्हणून. पैसे देऊन शिल्प घेतलं म्हणजे ती वस्तू तुमची झाली, तिचा कॉपीराइट आपोआप तुमचा होत नाही, बहुतेक देशांत तो लिहून दिल्याशिवाय शिल्पकाराकडेच राहतो. उद्या बॅचने त्याचा टी-शर्ट काढला, छोट्या प्रतिकृती करून निरोपसमारंभात वाटल्या, तर विचारावं लागेल. ते आत्ताच लिहून घ्या.

आणि दुसरा हक्क असतो तो विकला तरी जात नाही असं धरून चाला, कलाकृतीचं रूप बिघडवून कलाकाराच्या नावाला बट्टा लागेल असं करायचं नाही. गंमत म्हणजे यातला गाजलेला खटला प्राण्यांचाच आहे. कॅनडात टोरांटोच्या ईटन सेंटर या मॉलमध्ये मायकेल स्नो यांची साठ हंसांची उडती रांग टांगलेली आहे. मॉलवाल्यांनी नाताळात हंसांच्या गळ्यात लाल रिबिनी बांधल्या. शिल्पकार कोर्टात गेला, १९८२ साली कोर्टाने रिबिनी काढायला लावल्या. तेव्हा तुमच्या शिल्पाला संमेलनात फेटा किंवा निकालाला टोपी घालणार असाल, आणि घालणारच, तर शिल्पकाराला आधीच सांगा आणि करारात एक ओळ टाका की असलं हंगामी सजवणं चालेल, रंग मारणं चालणार नाही. जागा हलवायची झाली तर कुणाला विचारायचं, दुरुस्ती कोण करणार, साचा कुणाकडे राहणार, हे पण. साचा जपून ठेवायला सांगाच. कान तुटला तर तोच उपयोगाला येतो.

खडूडस्टर

बापरे, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. वाचनालयातली, तुमचं वाचून मी ग्रुपवर टाकलं की आपल्या आवारात खरंच कुठला प्राणी फिरायचा, आणि पुढची पाच मिनिटं सगळे एकच बोलत होते, मुंगूस! लायब्ररीच्या पायऱ्यांखाली मुंगसांचं बीळ होतं, अजून आहे म्हणे, अभ्यासाच्या वेळी ते बाहेर येऊन मागच्या पायांवर उभं राहायचं आणि खिडकीतून आत बघायचं, आम्ही त्याला सुपरवायझर म्हणायचो. सिंहवाल्यांतले तिघे त्याच चर्चेत फुटले. उरलेले म्हणतायत मुंगूस भारदस्त नाही.

आता प्रश्न असा की मुंगूस खऱ्या आकाराचं केलं तर पायाखाली येईल. किती मोठं करावं? आणि उभं केलं तर दोन बारीक पायांवर टिकेल का? केस दाखवायचे का?

तिरकस

उरलेल्या सिंहवाल्यांना सांगा की समोर नाग पण करू. लगेच तयार होतील. मग नाग कुणासारखा दिसतो यावरून स्टाफरूममध्ये जे सुरू होईल ते मात्र तुमचं तुम्ही निस्तरा.

ओतकाम

मुंगूस म्हणजे लॉटरी लागली तुम्हाला. उभं मुंगूस शेपटी जमिनीला टेकवतं, म्हणजे तीन टेकू आपोआप मिळतात, आणि शेपूट बुडाशी जाड असते त्यामुळे आतला सांगाडा तिच्यातून नेता येतो. दोन्ही पाय आणि शेपूट तिन्हीकडून बोल्ट खाली. पुढचे पंजे छातीशी घट्ट चिकटलेले ठेवा, हवेत लांब केलेत तर तेच पहिलं मोडणार.

आकार माणसाच्या छातीपर्यंत येईल असा घ्या, म्हणजे शेजारी उभं राहून फोटो निघतो आणि हात सहज डोक्यावर जातो. त्याच्या वर गेलात तर तो राक्षस वाटायला लागतो, मजा जाते. पण घाईने ठरवू नका. पुठ्ठ्याचं किंवा थर्माकोलचं खऱ्या उंचीचं कटआउट करा, नुसतं सपाट चालेल, आणि आठवडाभर त्या अंगणात दोन-तीन जागी फिरवून ठेवा. लोक कुठून येतात, कुठे अडखळतात, बॅगा कुठे टेकवतात ते लगेच दिसतं. कागदावर शोभणारी जागा बऱ्याचदा दारातली गर्दी अडवणारी निघते.

केस एकेक कोरू नका, शिल्पकाराला हौस असली तरी आवरा. खाचांत धूळ बसते, मेणाचा थर नीट लागत नाही आणि आवारप्रमुखांचा मार्कर निघत नाही. फ्रान्स्वा पोंपों या फ्रेंच शिल्पकाराचं पांढरं अस्वल बघा, १९२२ साली पहिल्यांदा लोकांपुढे आलेलं, त्याची मोठी दगडी आवृत्ती पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे. अंगावर एक केस नाही, सगळं गुळगुळीत, आणि तरी चालणारं अस्वल आहे हे कुणालाही लांबून कळतं. प्राणी ओळखू येतो तो पाठीच्या रेषेने आणि मानेच्या वळणाने. मुंगसाचं पण तसंच, लांबुडकं अंग, निमुळतं तोंड, छोटे गोल कान जे सुदैवाने डोक्याला चिकटलेले असतात. कान तुटायची भानगडच नाही.

राहिली देखभाल. वर्षातून एकदा, जमलं तर दोनदा, साध्या साबणाच्या पाण्याने धुवायचं, पूर्ण कोरडं करायचं, पातळ मेण लावून फडक्याने पुसायचं. बस. भांडी चमकवायची पावडर, ॲसिड, तारेचा ब्रश यातलं काहीही कुणी घेऊन आलं तर हाकलून द्या. डोकं आणि नाक पिवळं पडेल, पडू द्या, परत काळं करायच्या मागे लागू नका. दर उद्घाटनाच्या आधी कुणीतरी उत्साही माणूस अख्खं शिल्प चकचकीत करून ठेवतो, त्याच्यावर लक्ष ठेवा.

आवारप्रमुख

छातीपर्यंत उंच, गुळगुळीत, तीन टेकू, कान चिकटलेले. ठीक, याला चौथरा नको. साबणपाणी आणि मेण कधी करायचं ते आमच्यासारख्यांच्या वार्षिक कामांच्या तक्त्यात लेखी टाकून द्या, तोंडी सांगितलेलं माणूस बदलला की विसरलं जातं.

खडूडस्टर

कटआउट करायला घेतोय. मतदान झालं, मुंगूस बहुमताने, एक जण अजून सिंहावर अडून आहे पण त्याने वर्गणी दिलीय. सिव्हिलवाला, एक शेवटचं. ठेकेदार म्हणतो फाउंडेशन आत्ताच ओतून ठेवू म्हणजे शिल्प आलं की लगेच बसवता येईल. ओतू का?

सिव्हिलवाला

अजिबात नको. बोल्टच्या जागा शिल्प तयार झाल्यावरच पक्क्या होतात, मातीत आणि ओतल्यावर थोडा फरक पडतोच, आणि तुमच्याकडे तर तीन टेकू. ओतकाम झालं की त्यांच्याकडून तळाची खऱ्या मापाची टेम्प्लेट मागवा, प्लायची पण चालेल, तिच्यावर भोकं मारून बोल्ट उभे करा आणि मग काँक्रीट. आत्ता फक्त खड्डा आणि लाइटच्या वायरचा पाइप टाकून घ्या.